मामाच्या गावची जन्मनोंद सापडत नाही. तहसीलमधून उशिराची नोंद करून घेऊ का?

पऱ्हाटीचं_बोंड:

नमस्कार सगळ्यांना. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं की उत्तरही अर्धवट येते, म्हणून सगळंच सांगते.

मी जीएनएम नर्स. यवतमाळात एका खासगी दवाखान्यात रात्रपाळीला असते. गाव राळेगाव तालुक्यात, घरी साडेतीन एकर वावर, पऱ्हाटी अन् मधात तुरीचं तास. दीड वर्षापासून जर्मन शिकून राहिली. बी-वन निघालं, बी-टू बाकी आहे. तिकडच्या नोकरीसाठी एजन्सीकडून कागदांची जी यादी आली, तिच्यात वरच जन्माचा दाखला. टीसी पाठवू का विचारलं, नाही म्हणाले. आधार? तेही नाही.

आता आमच्या घरात जन्माचा दाखला कधी कोणाचा नव्हताच. शाळेत नाव घालायला बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून घेऊन गेले. गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून फिरवून डावा कान धरायला लावला. कान हाती लागला, म्हणजे पोरगी सहाची झाली. रजिस्टरात १५ जून १९९७ पडलं. तेव्हापासून दहावीची सनद, आधार, पॅन, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, सगळीकडं १५ जून.

जन्म झाला मामाच्या गावी, घाटंजी तालुक्यात. पहिलं बाळंतपण, म्हणून आई माहेरी होती. दवाखाना वगैरे काही नाही, घरातच. गावची दाई अन् आजी. दोघीही आता नाहीत. आई म्हणते, "तू तान्ह्या पोळ्याची. पोट्टे नंदी घेऊन दारात आले अन् इकडं तू रडली." पण तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान पोट्ट्यांचा पोळा, काही फॉर्मवर लिहिता येत नाही.

गेल्या महिन्यात दोन रात्रपाळ्या बदलून घेतल्या अन् मामाच्या गावच्या ग्रामपंचायतीत गेली. सचिव नव्हते. त्यांच्याकडं तीन गावांचा चार्ज, मंगळवारी अन् शुक्रवारी येतात. कॉम्प्युटरवाल्या पोट्ट्यानं माझं नाव टाकलं, काही नाही. आईचं नाव टाकलं, वर्षा. काही नाही. शुक्रवारी परत गेली. सचिवांनी लोखंडी पेटीतून १९९७ ची वही काढली, जूनची पानं पाहिली, जुलैची पाहिली अन् मान हलवली. माणूस चांगला आहे, चहा पाजला, अन् नोंद आढळत नाही असं नमुना १० मध्ये लिहून दिलं.

तो कागद घेऊन तहसीलमध्ये गेली, तर फाटकाजवळ टेबल टाकून बसणारे एक काका म्हणाले, "बेटा, हाच तर कागद पाह्यजे होता. आता प्रतिज्ञापत्र, पेपरात नोटीस, साहेबाचा आदेश. पाच हजार लागन, दोन महिन्यात दाखला हातात."

मामा म्हणतो, तेव्हा कायची नोंद अन् कायचं काय. आई मात्र अडून बसली आहे: आबाजीनं, म्हणजे तिच्या वडिलांनी, नोंद केली होती, ते पंचायतीतून आले तेव्हा अंगठ्याची शाई धोतराला पुसली होती अन् आजी त्यांच्यावर ओरडली होती. आबाजी २०११ मध्ये गेले.

काकांना पाच हजार द्यावे का? कोणी हे केलं असेल तर सांगा.


काळी_माती:

करून टाका ताई. माझ्या चुलतभावाचं असंच होतं, २०२१ मध्ये वकील लावला, कोर्टातून आदेश आणला अन् त्या आदेशावर पंचायतीनं दाखला दिला. आता तर कोर्टात जायचंही काम नाही म्हणतात. जुनी वही शोधत बसाल तर जर्मनीचा साहेब वाट पाहत थांबणार आहे का?


जुनी_वही:

ताई, त्या काकांना पाच हजार देऊ नका. निदान या महिन्यात तर नकोच.

मी एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो. आता सरकारनं पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलं, पण आपल्याकडं सचिव म्हणत होते अन् सचिवच म्हणतील. नोकरीला लागलो तेव्हा वाशीम हा जिल्हाच नव्हता, आम्ही अकोल्यात होतो. जन्म-मृत्यूची वही या हातानं लिहिली आहे, म्हणून ठामपणे सांगतो. नोंदच झाली नाही असं फार कमी वेळा निघते. ती भलत्या महिन्यात अन् भलत्या नावाखाली बसलेली असते.

तुमची नोंद जूनमध्ये का शोधली? शाळेची तारीख जूनची म्हणून. अहो, ती तारीख गुरुजींची आहे, तुमची नाही. गुरुजींच्या कृपेनं अर्धा विदर्भ जून महिन्यात जन्मला. तुमच्या आईनं तुम्हाला तारीख सांगितली होती अन् तुम्ही ती हसण्यावारी नेली. मी पंचांग पाहिलं. १९९७ मध्ये पोळा १ सप्टेंबरला होता, सोमवारी. म्हणजे तान्हा पोळा २ सप्टेंबर, मंगळवार. सचिवांना सप्टेंबरचं पान उघडायला लावा. तिथं नसेल तर ऑक्टोबर, नोव्हेंबरही पाहा, कारण वही जन्माच्या तारखेनं चालत नाही, खबर ज्या दिवशी आली त्या क्रमानं चालते. पेरणी, डवरणी, सोयाबीन यांच्या मधात माणूस पंचायतीत कधी पोचेल याचा नेम नाही. तरी नाही मिळालं तर १९९६ अन् १९९८ च्या वहीतला पोळ्याचा महिना पाहा, कारण कान धरून ठरवलेल्या वयात एखादं वर्ष इकडंतिकडं होतेच.

दुसरं म्हणजे तुमचं नाव शोधूच नका. बाळाच्या नावाचा रकाना त्या काळात बहुतेक कोराच राहत होता. खबर आधी येते, बारसं नंतर. नाव ठेवल्यावर पुन्हा पंचायतीत येऊन कळवणारा माणूस मी एकतीस वर्षांत बोटावर मोजण्याइतका पाहिला.

तिसरं, अन् इथंच बहुतेक गाडी अडली असावी. तुमच्या आईचं माहेरचं नाव काय? लग्नात नाव बदललं होतं का? खबर देणारा तुमचा आबाजी. तो आपल्या लेकीला सासरच्या नावानं कशाला सांगेल? मी असा शेकडो वेळा फसलो आहे. म्हातारा यायचा, म्हणायचा, "आमच्या गंगूले पोरगी झाली, लिहा." मी लिहायचो गंगू. पंधरा वर्षांनी जावई यायचा अन् म्हणायचा, साहेब, माझ्या बायकोचं नाव तर संगीता आहे.

अजून एक विचारून घ्या. मामाचं गाव तेव्हा गट ग्रामपंचायतीत, म्हणजे दोन-तीन गावं मिळून एक पंचायत असते तिच्यात, होतं का? पंचायत नंतर वेगळी झाली असेल तर जुनी वही जुन्या पंचायतीतच पडलेली असते. काही ठिकाणी जुन्या वह्या पंचायत समितीत जमा केलेल्याही असतात. कॉम्प्युटरवर विसंबू नका. त्यात जेवढं भरलं तेवढंच दिसते, अन् नव्वदच्या दशकातल्या वह्या भरायला बसायला वेळ कोणाला होता? वही मात्र कुठं ना कुठं असलीच पाहिजे, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या कायम जपून ठेवायच्या कागदांत येतात, त्या फाडता किंवा जाळता येत नाहीत.

आता त्या काकांच्या पाच हजारांबद्दल. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची. वर्ष उलटलं की साध्या अर्जावर नोंद होत नाही, दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. काळी_माती यांच्या भावाच्या वेळी तो आदेश कोर्ट द्यायचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्ती लागू झाली अन् ते काम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं आलं. मग खोट्या कागदांवर दाखले निघाल्याच्या तक्रारी झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं उशिराच्या नोंदींचं काम थांबवलंच होतं. १२ मार्च २०२५ च्या शासन निर्णयानं नवी पद्धत आली. आता पुरावे तपासतात, जाहीर नोटीस काढून हरकती मागवतात, पोलिसांचा अभिप्राय घेतात. पुराव्यात गडबड निघाली तर गुन्हा दाखल होतो. तेव्हा "दोन महिन्यात हातात" हे फक्त त्या टेबलावरच खरं आहे.

अन् समजा काकांनी आदेश आणून दिलाच, अन् पुढं कोणाच्या हाती जुनी नोंद लागली, तर एका पोरीचे दोन जन्म होतील. मग एक नोंद रद्द करायला पुन्हा फेऱ्या. आधी असलेली शोधा. खरंच नसेल तर तहसीलचा रस्ता आहेच, पण तो स्वतः चालायचा.


गोंदियाची_सून:

जुनी_वही काका, तुमचं वाचून हसूही आलं अन् जुनी धूळही नाकात गेली.

आमच्या पुतण्याच्या जातवैधतेसाठी सासऱ्यांची जन्मनोंद पाहिजे होती. ओबीसी असल्यामुळं १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा पाहिजे, अन् सासरे शाळेची पायरीच चढले नाहीत. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक काढून पाहिलं. त्या काळी जन्म-मृत्यूची खबर कोतवाल द्यायचा. शोध फी भरली, तीन दिवस बसली. नोंदी कशा, तर तारीख, बापाचं नाव, जात, अन् "मुलगा झाला". बस. नाव नाही, आईचा तर पत्ताच नाही.

सासरे चार भाऊ. चारही नोंदी सापडल्या, चारही ठिकाणी "मुलगा झाला". यातला आपला कोणता? मग मोठ्या चुलत सासूबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, मोठा अन् दुसरा यांच्यात पाच वर्षांचं अंतर, कारण मधात एक मुलगी गेली. मुलीच्या जन्माची अन् मरणाची दोन्ही नोंदी त्याच बुकात निघाल्या, त्यावरून क्रम लागला. समितीनं ते मान्य केलं. म्हणून ताई, कोरा रकाना पाहून घाबरू नका, अन् घरच्या बायकांना आधी विचारा. पुरुषांना शेताची हद्द आठवते, बाळंतपणं बायकांनाच आठवतात.


पऱ्हाटीचं_बोंड:

काका, तुमचं उत्तर मी ड्यूटीवर वाचलं अन् पहाटे घरी फोन लावला. आईचं माहेरचं नाव बेबी. मला हे माहीत होतं! मामा तिला आतापर्यंत बेबीच म्हणतो. पण डोक्यातच आलं नाही. लग्नात बाबांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं वर्षा लिहिलं, तेव्हापासून सगळ्या कागदांवर वर्षा.

पंचायत तेव्हाही तीच होती, मामाला विचारलं. पुढच्या शुक्रवारी आईला घेऊनच जाते.


पऱ्हाटीचं_बोंड:

सापडली!!

आता नीट सांगते. सकाळची यष्टी धरली, फाट्यावर उतरलो, तिथून मामाच्या गाडीवर तिघं. सचिव बसलेच होते. मी म्हटलं, सर, सप्टेंबर पाहायचा आहे. त्यांनी पेटी उघडली. वहीच्या कडा उधईनं खाल्ल्या आहेत, पण आतली अक्षरं शाबूत. सप्टेंबरात सगळ्या मिळून सहा नोंदी. चौथी आमची.

जन्म २-९-१९९७. नोंदणी ११-९-१९९७. स्त्री. बाळाचं नाव कोरं. आईचं नाव बेबी. वडिलांचं नाव वसंता. खबर देणाऱ्याच्या रकान्यात आबाजीचं नाव, नातं आजा, अन् बाजूला डाव्या हाताचा अंगठा. निळ्या शाईचा, घसरलेला, खालच्या ओळीपर्यंत गेलेला. घाईत होते वाटते.

सचिव म्हणाले, "ताई, मी तर वर्षा अन् जून, दोनच शोधत होतो." चूक त्यांची नाही, मीच तसं सांगितलं होतं. त्यांनी नमुना १० चा कागद परत मागितला अन् मी देऊन टाकला.

आई वहीजवळ वाकली. तिला चौथीपर्यंतचं वाचता येते. बोट ठेवून बे-बी वाचलं अन् मग मामाकडं पाहून म्हणे, "मले बेबी म्हननारा तू एकटाच राह्यला रे." मामा बाहेर जाऊन उभा राहिला.

तर आता पुढचे प्रश्न. दाखला मागितला तर तो असाच निघेल: नाव नाही, आई बेबी, बाप वसंता. बाबांचं सगळीकडं वसंत आहे, वसंता त्यांना गाव म्हणते. अन् तारीख २ सप्टेंबर, बाकी सगळीकडं १५ जून. पासपोर्ट अजून काढला नाही. एकेक करून सांगाल का?


जुनी_वही:

वा. घसरलेला अंगठा म्हणजे सचिवानं बोट धरून नीट उमटवला नाही. तो माझ्यासारखाच घाईचा असणार.

आधी नाव. नाव नसलेल्या नोंदीत नंतर नाव घालता येते, त्यासाठी कलम १४ आहे. जन्मनोंदणीपासून वर्षाच्या आत फुकट, पुढं विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तुम्ही ती मर्यादा केव्हाच ओलांडली, पण जुन्या नोंदींसाठी सरकारनं ही मुदत अधूनमधून वाढवून दिली आहे. तुम्ही अर्ज कराल त्या दिवशी कोणती मुदत चालू आहे ते सचिवांकडून लेखी घ्या, तोंडी नको. सोबत शाळेचा दाखला, आधार अन् आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र.

वसंताचं वसंत ही लेखनातली चूक. निबंधक, म्हणजे तुमचे सचिवच, खात्री करून स्वतः दुरुस्त करू शकतात. त्याचा बाऊ करू नका.

आईच्या नावाचं जरा जपून. बेबी ही चूक नाही हो! तेही तिचंच नाव, आबाजीनं खरंच सांगितलं. बेबी खोडून वर्षा करा असा अर्ज दिलात तर सचिव घाबरतील, अन् घाबरलेला सचिव कागद वर पाठवतो, वरून तो खाली यायला उन्हाळा लागतो. कलम १५ खाली दुरुस्ती होते, पण मूळ अक्षराला हात लावत नाहीत. समासात नोंद घेतात, तारीख टाकून सही करतात. तुम्ही अर्जात लिहा की बेबी हे माहेरचं नाव, विवाहानंतरचं नाव वर्षा, दोन्ही एकच व्यक्ती. घटना माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं निवेदन लागते. मामा चालेल, अन् गावातलं एखादं म्हातारं माणूस ज्यानं ते बाळंतपण अन् ते लग्न दोन्ही पाहिलं. आईचा चौथीचा शाळेचा दाखला मिळाला तर सोनं, त्यावर बेबी असेल. लग्नपत्रिका आहे का घरात? आपल्याकडच्या पत्रिकेत माहेरचं नाव छापतात, अन् पत्रिका कपाटात कुठंतरी हळद लागून पडलेलीच असते.

मूळ पानाची नक्कलही मागा. दाखला वेगळा अन् नोंदीचा उतारा वेगळा. कलम १७ खाली फी भरून शोध घेता येतो अन् उतारा मिळतो. तुमच्या प्रकरणात पुढं कोणी शंका घेतली तर तो उताराच कामी येईल.


काळी_माती:

काका, मग एकाच अर्जात तारीखही १५ जून करून घेऊ द्या नं. दोन साक्षीदार तर लागणारच आहेत, तेच दोघं तारखेवरही सही करतील. सगळीकडं १५ जून आहे, एका जागी बदललं की मोकळं. बाकी सगळे कागद बदलत बसायचं म्हणजे पोरीचं लग्नाचं वय निघून जाईल.


जुनी_वही:

लग्नाचं वय तुम्ही मोजू नका, ती स्वतः मोजेल.

तारखेला हात लावायचा नाही. एक तर २ सप्टेंबर खरी आहे, अन् खऱ्या नोंदीविरुद्ध साक्ष द्यायला लावणं म्हणजे मामाला अन् त्या म्हाताऱ्याला गुन्ह्यात ओढणं. खोटी माहिती देण्याबद्दल त्याच कायद्यात शिक्षा आहे. अन् समजा केलंच, तर पान काय बोलेल ते वाचा. जन्म १५ जून, नोंदणी ११ सप्टेंबर. म्हणजे जवळपास तीन महिन्यांनी खबर, अन् उशिराच्या नोंदीला लागणारी परवानगी कुठंच नाही. तपासणाऱ्यानं पहिल्या नजरेत धरलं असतं. आज जी नोंद नवव्या दिवशी झालेली स्वच्छ नोंद आहे, तिला तुम्ही आपल्या हातानं संशयास्पद करणार.

मी असं एक केलं होतं एकदा, नोकरीच्या सुरुवातीला, सरपंचाच्या आग्रहावरून. दोन वर्षं चौकशीला जात होतो. म्हणून बोलतो.


रात्रपाळी_वर्धा:

मीही नर्स, मीही याच रांगेत. माझ्यासोबतच्या एकीला असाच तारखेचा घोळ झाला, फरक इतकाच की तिचा पासपोर्ट आधी निघालेला होता. तुझा निघाला नाही हे नशीब. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांनाच पासपोर्टसाठी जन्मदाखला सक्तीचा आहे, आपल्याला शाळेचा दाखला वगैरेही चालतो. म्हणजे कोणत्या तारखेवर पासपोर्ट काढायचा हे अजून तुझ्या हातात आहे. घाई करू नको. दाखला अन् पासपोर्ट यांत दोन तारखा गेल्या की तिकडचं ऑफिस प्रत्येक टप्प्यावर तेच विचारत बसते.

आधी एजन्सीला मेल टाक, फोन नको. दाखल्यावर २ सप्टेंबर अन् सनदेवर १५ जून असं असेल तर काय चालेल, ते त्यांच्याकडून लिहून घे. शाळेतही जाऊन ये. शाळा सोडल्यावर रजिस्टरातली तारीख बदलणं सोपं नाही, मुख्याध्यापक एकटे करत नाहीत, प्रस्ताव जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडं जातो. पण तुझ्याकडं त्याच काळातली सरकारी नोंद आहे, हे बहुतेकांकडं नसते.

अन् दाखला घेताना हातानं लिहिलेला घेऊन येऊ नको. ऑनलाइन नोंद चढवायला लाव अन् क्यूआर कोडवाला घे. तो मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, जर्मन भाषांतर करणाऱ्याला सोपं जाते. आईच्या अन् बाबांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तिथंच बसून तपास. माझ्या आईच्या नावात त्या पोरानं एक अक्षर जास्तीचं घातलं, ते काढायला अजून दोन फेऱ्या झाल्या.


पऱ्हाटीचं_बोंड:

सगळ्यांचे आभार. कुठपर्यंत आलं ते सांगते.

लग्नपत्रिका मिळाली. काका, तुम्ही म्हणाले तशीच, हळद लागलेली, आईच्या ट्रंकेत साडीखाली. "चि. सौ. कां. बेबी" असं लाल अक्षरात. शाळेचा दाखला मात्र नाही मिळाला, आईच्या शाळेचं जुनं रजिस्टर शोधून ठेवतो म्हणाले. साक्षीदार म्हणून मामा अन् आबाजीचे एक सोबती. ते आजोबा आता ऐंशीच्या वर आहेत. त्यांना विचारलं, तुम्हाला ते वर्ष आठवते का, तर म्हणाले, "वर्ष नाई आठवत, पन त्या पोळ्याले माया एका बैलाचं शिंग मोडलं होतं." सचिवांनी एवढ्यावर निवेदन लिहून घेतलं नाही, हे बरंच झालं. मग आजोबांनी लग्नाचं सांगितलं, कोणाची बैलबंडी होती, जेवायला काय होतं, बेबीची वर्षा कशी झाली. ते लिहून घेतलं.

नाव घालण्याचा अन् आईच्या नावाचा अर्ज दिला, पोच घेतली. सचिव म्हणाले नावाची मुदत तपासून लेखी कळवतो. वसंताचं वसंत त्यांनी समोरच केलं, समासात लाल शाईनं. बाबा घरी म्हणे, वसंता काय वाईट होतं.

तारखेला हात लावला नाही. काळी_माती दादा, राग मानू नका, पण आबाजी नऊ दिवसांनी गेले होते अन् खरं सांगून आले होते, ते मी कशाला बदलू. एजन्सीला मेल टाकला आहे, उत्तर नाही आलं. शाळेत गेली तर मुख्याध्यापक मॅडम माझ्याच शाळेतल्या निघाल्या, एक वर्ष पुढं होत्या. रजिस्टर काढून दाखवलं. माझ्या वर्गातल्या सव्वीस जणांपैकी एकोणीस जूनचे. आम्ही दोघी हसत बसलो. प्रस्ताव करून देते म्हणाल्या, वेळ लागेल असंही म्हणाल्या.

तहसीलच्या काकांचा मधात फोन आला होता. साडेतीन हजारावर आले आहेत.

उताऱ्यावर या शुक्रवारी सही होणार होती, पण सचिवांना तालुक्याला मिटिंगला बोलावलं. मंगळवारी या म्हणाले. मंगळवारी माझी रात्रपाळी संपून सकाळची सुट्टी आहे, जाते. आई पण येते म्हणते. तिचं तिथं काही काम नाही, पण तिला तो अंगठा अजून एकदा पाहायचा आहे.